ठरावाने पांढरी झालेली बट

माझ्या बायकोचं नाक लांब आहे, हे मुलगी बघायला गेलो तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. आईच्याही आलं होतं. परत येताना टांग्यात ती एवढंच म्हणाली, "मुलगी हुशार दिसते." तेव्हा दिल्लीत दुसरे कोणी पंतप्रधान होते. या नाकाचा पुढे देशाच्या राजकारणाशी संबंध येईल, असं टांगेवाल्यासकट आम्हा कुणालाच वाटलं नाही.

लग्नानंतर काही वर्षांनी दिल्लीच्या खुर्चीवर एक बाई बसल्या. त्यांचं नाक, मान वळवायची ढब, डोक्यावरून पदर पुढे ओढून घ्यायची सवय वर्तमानपत्रांतून घरोघर पोचली, आणि आमच्या गल्लीच्या लक्षात आलं की हे सगळं आपल्याकडे आधीपासूनच आहे. मी टपाल खात्यात कारकून होतो. बायको मुलींच्या एका शाळेत गणित शिकवायची. सकाळी आम्ही दोघं रविवार कारंजापर्यंत बरोबर चालत जायचो. लोक नमस्कार मला करायचे आणि बघायचे तिच्याकडे.

तिला स्वतःला ते साम्य कधीच पटलं नाही. "दोन त्रिकोण समरूप असले म्हणून एकरूप होत नाहीत," असं ती म्हणायची आणि विषय संपवायची. दिल्लीच्या बाईंबद्दल तिचं मत काय आहे, हे मला आजतागायत माहीत नाही. मत कुणाला दिलं असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "मतदान गुप्त असतं." मी म्हटलं, "अगं, मी नवरा आहे तुझा." ती म्हणाली, "म्हणूनच."

तिला आयुष्यात एकच पद हवं होतं, आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिकेचं. त्यामागे मानाची हौस नव्हती. शाळेच्या वेळापत्रकात गणिताचा तास मधल्या सुट्टीनंतर होता. डबा खाऊन पेंगुळलेल्या मुलींना त्रैराशिक शिकवायला लावणारा माणूस मुलींचा शत्रू असतो, असं तिचं नोकरीच्या पहिल्या आठवड्यापासून ठाम मत होतं. वेळापत्रक बदलायचा अधिकार फक्त मुख्याध्यापिकेला होता. म्हणून मुख्याध्यापिका व्हायचं. नवं वेळापत्रक तिने घरी आखून ठेवलेलं होतं, शाईने.

एकाहत्तरच्या अखेरीला देशाने युद्ध जिंकलं आणि आमच्या गावात दिल्लीच्या बाईंना नावं ठेवणारा माणूस शोधून सापडेना. शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष वकील होते आणि जन्मभर विरोधी पक्षात होते. बाईंच्या विरोधात त्यांनी गोदाघाटावर इतकी भाषणं केली होती की घाटावरची कबुतरंसुद्धा त्यांचा आवाज ओळखत असावीत. पण त्या हिवाळ्यात तेही वाहून गेले. सव्वीस जानेवारीच्या मिरवणुकीत शाळेचा चित्ररथ काढायचा, त्यावर मुली सैनिकांच्या वेशात उभ्या करायच्या आणि मधोमध पंतप्रधान म्हणून आमच्या बाईंना, ही कल्पना त्यांचीच.

बायको म्हणाली, "मला नाटकात काम करता येत नाही."

"बोलायचं काही नाही, बाई," अध्यक्ष म्हणाले. "उभं राहायचं आणि हात हलवायचा."

"कुठून कुठपर्यंत?"

"भद्रकालीपासून पोलीस परेड मैदानापर्यंत. संस्था हे लक्षात ठेवील."

मुख्याध्यापिका निवृत्त व्हायला तेव्हा पाच वर्षं होती. बायकोने हिशेब केला आणि हो म्हणाली.

अडचण केसांची होती. दिल्लीच्या बाईंच्या केसांत समोर पांढरी बट होती. बायकोचे केस काळेभोर. आता, आमच्या गावातल्या शिक्षणसंस्थांची एक रीत आहे: ठरावाशिवाय त्या टाचणीसुद्धा उचलत नाहीत. त्यामुळे कार्यकारी मंडळाची सभा भरली आणि चित्ररथासाठी संबंधित शिक्षिकेच्या केशरचनेत आवश्यक तो बदल करण्यास सर्वानुमते मान्यता देण्यात आली. सूचक अध्यक्ष, अनुमोदक चिटणीस. हे इतिवृत्ताच्या वहीत रीतसर लिहिलं गेलं. चिटणीस हे दिल्लीच्या बाईंच्या पक्षाचे. अध्यक्ष आणि ते एका ठरावावर एकत्र येण्याची ती पहिलीच वेळ.

काम चित्रकलेच्या सरांकडे आलं. त्यांनी आधी पांढरा पोस्टर कलर लावून पाहिला. वाळल्यावर त्याच्या खपल्या पडायला लागल्या आणि पंतप्रधानांना कोंडा झालाय असं वाटायला लागलं. मग सर विज्ञानाच्या प्रयोगशाळेत गेले आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली घेऊन आले. पहिल्या हाताला बट दूध कमी पडलेल्या चहाच्या रंगाची झाली. दुसऱ्या हाताला नारळाच्या शेंडीची. तिसऱ्या हाताला पांढरी. सर चार पावलं मागे गेले, एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाले, "आता सही करायला हरकत नाही."

मिरवणुकीसाठी ट्रक मिळाला तो नामपूरच्या एका कांदा व्यापाऱ्याचा. आदल्या दिवशीपर्यंत त्यातून कांदा गेला होता. वर सतरंज्या अंथरल्या, तिरंगी कापड लावलं, पण कांदा आपलं काम करतच होता. भद्रकालीपासूनच बायकोच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या लोकांना वाटलं, विजयाने हेलावल्या. त्यांचेही डोळे भरून आले. मेन रोडवर तर एक म्हातारी ट्रकच्या चाकाला हळदकुंकू लावायला धावली. या सगळ्याच्या पुढे, हात जोडून, अनवाणी, अध्यक्ष चालत होते.

महिन्याभरात ती पेरॉक्साइडची बट गवतासारखी तुटून गेली. तिच्या जागी नवे केस आले आणि तेही पांढरेच आले. आमच्या डॉक्टरांनी चष्म्यातून पाहिलं आणि सांगितलं, "येणारच होते, वहिनी. तुम्ही फक्त त्यांना जागा दाखवलीत." अशा रीतीने जे मंडळाने दोन तासांसाठी मंजूर केलं होतं, ते कायमचं झालं.

पुढे आणीबाणी आली. अध्यक्षांना पहाटे घरून उचललं आणि नाशिकरोडच्या तुरुंगात ठेवलं. गावातली भाषणं बंद पडली. आमच्या आयुष्यात जे फरक पडले ते सांगायला मला आजही थोडं ओशाळल्यासारखं होतं, कारण ते सगळे चांगले होते. भाजीवाली मापात पाप करेना. रेशन दुकानदार बायकोला बघून स्टुलावरून उठायला लागला. दुधात पाणी यायचं थांबलं. माझे पोस्टमास्तर, ज्यांनी मला अकरा वर्षांत खुर्ची दिली नव्हती, ते एकदा म्हणाले, "बसा ना. वहिनी कशा आहेत?" कोणालाही ती खरोखर पंतप्रधान वाटत होती असं नाही. पण ते दिवसच असे होते की खात्री करून घ्यायला कोणी तयार नव्हतं.

बायको मात्र वैतागली. रेशनवरून परत येऊन पिशवी आपटत म्हणाली, "मला साखर बरोबर तोलून हवी आहे. घाबरून तोललेली नको."

"वजन तेवढंच भरतं ना?"

"तुम्हाला नाही कळायचं."

मला कळत होतं. फक्त साखर चांगली लागत होती.

त्या काळात शाळेत एक गोष्ट घडली. अध्यक्षांची नात आठवीत, बायकोच्या वर्गात होती. आजोबा तुरुंगात म्हणून सगळ्या शिक्षिका तिला जपायच्या. वार्षिक परीक्षेत मराठीत तिला चढते गुण मिळाले, भूगोलात मिळाले, शिवणकामात न शिवता मिळाले. गणितात अकरा मिळाले. मुख्याध्यापिकांनी बायकोला बोलावून सांगितलं, अहो, घरची परिस्थिती बघा. बायको म्हणाली, "परिस्थितीचे गुण द्यायचे असतील तर तेवढ्यापुरता वेगळा विषय काढा. हा गणिताचा पेपर आहे." मग उन्हाळाभर त्या मुलीला रोज दुपारी घरी बोलावून तिने गणित शिकवलं आणि फेरपरीक्षेत पास केलं. पण तुरुंगात बातमी पोचली ती फक्त अकरा गुणांची.

सत्त्याहत्तरच्या मार्चमध्ये दिल्लीच्या बाई निवडणूक हरल्या. अध्यक्ष सुटून आले तेव्हा त्यांच्या गळ्यात इतके हार होते की चेहऱ्याचा अंदाजच बांधावा लागत होता. त्याच जूनमध्ये मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या. ज्येष्ठता यादीत बायकोचं नाव पहिलं होतं. मंडळाने मुलाखतीला बोलावलं. मी रजा टाकून बरोबर गेलो आणि बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. आत पंखा बंद होता म्हणून दार उघडंच ठेवलं होतं.

अध्यक्षांनी खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली होती. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा होता. संपूर्ण मुलाखतभर ते विदर्भाकडे बघत बसले. बोलायचं काम चिटणिसांवर आलं होतं. बाईंचा पक्ष हरल्यापासून चिटणीस अंगाने निम्मे झाले होते आणि आवाजाने त्याहून कमी.

"बाई, गैरसमज नसावा," चिटणीस म्हणाले. "तुमच्या कामाबद्दल कुणाचीच तक्रार नाही."

"मग अडचण काय आहे?"

चिटणिसांनी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले.

"मुख्याध्यापिकेची खुर्ची," चिटणीस शेवटी म्हणाले, "अध्यक्षांच्या खुर्चीच्या बरोबर समोर येते."

"खुर्ची हलवता येईल."

"तसं नव्हे हो. अध्यक्षांना आत रोज सकाळी वर्तमानपत्र मिळायचं. पहिल्या पानावर रोज..." चिटणिसांनी हाताने स्वतःच्या कपाळावर एक बट काढून दाखवली.

अध्यक्ष विदर्भाला उद्देशून म्हणाले, "माझं काही व्यक्तिगत नाही."

रविवारी चित्रकलेचे सर घरी आले. चहा घेतला, हवापाण्याचं बोलले, आणि उठता उठता खिशातून कलपाची पुडी काढून टेबलावर ठेवली.

"हे मी सुचवत नाहीये, बाई. मंडळाची इच्छा आहे. मी फक्त घेऊन आलो."

बायकोने पुडी उलटसुलट करून बघितली. "लेखी आणा."

"म्हणजे?"

"बट पांढरी करायचा ठराव इतिवृत्तात आहे. सूचक स्वतः अध्यक्ष. आता काळी करायची असेल तर तसा ठराव करा. सूचक घाला, अनुमोदक घाला. मी त्याच दिवशी लावते."

"असं कसं लिहिणार, बाई?"

"तेव्हा लिहिलं होतं की."

"तेव्हा देशाचा प्रश्न होता."

"आणि आता?"

सरांनी चहाचा रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

ते गेल्यावर मी तिला समजवायला गेलो. म्हटलं, "लावून टाक ना. पंधरा मिनिटांचं काम. वेळापत्रक तयार आहे तुझं."

"अहो, आज केस म्हणतायत. उद्या नाक म्हणतील. त्याला काय लावू?"

मंडळाने ठराव करायचा प्रयत्न केला नाही असं नाही. मुख्याध्यापिकेचं दर्शनी स्वरूप राष्ट्रीय वादांपासून अलिप्त असावं, असा एक मसुदा चिटणिसांनी लिहून आणला होता म्हणे. अध्यक्षांनी तो दोनदा वाचला. एकीकडे तुरुंग भोगलेला माणूस आणि दुसरीकडे वकील, अशी त्यांच्या मनात ओढाताण झाली असणार. वकील जिंकला. मसुदा कोर्टात टिकणार नाही असं सांगून त्यांनी तो फाडला. मग बायकोपेक्षा नऊ वर्षांनी कनिष्ठ असलेल्या भूगोलाच्या बाईंना 'प्रभारी' म्हणून खुर्चीवर बसवण्यात आलं. प्रभारी ही आपल्याकडची मोठी सोयीची जागा आहे. नेमणूकही होत नाही आणि नकारही द्यावा लागत नाही. भूगोलाच्या बाई स्वभावाने गरीब होत्या. त्यांनी वेळापत्रकाला हात लावला नाही. तीन वर्षं गणिताचा तास मधल्या सुट्टीनंतरच होत राहिला आणि बायको रोज तिथे जाऊन पेंगणाऱ्या मुलींना जागं करत राहिली.

गावात ती आता चालली की लोक वेगळंच वागायचे. भाजीवाली पुन्हा आपल्या मापावर आली. कॉलेजची पोरं सायकलवरून जाताना "काय बाई, खुर्ची गेली का?" असं ओरडून जायची. तिला खुर्ची मिळालीच नव्हती, हे त्यांना कोण सांगणार. तीच पोरं पाच वर्षांपूर्वी ट्रकवर फुलं टाकत होती. मला त्यांचा राग आला नाही. अख्खा देशच तसा वागत होता, त्यांनी एकट्यांनी सातत्य का ठेवावं?

ऐंशीच्या जानेवारीत दिल्लीच्या बाई पुन्हा निवडून आल्या. निकालाच्या आठवड्यात दुधातलं पाणी कमी झालं. पुढच्या आठवड्यात चिटणीस पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्याकडे आले. ते अंगाने आणि आवाजाने पुन्हा पूर्ववत झाले होते.

"बाई, संस्थेची चूक झाली," ते म्हणाले.

"कोणती?"

"आता ती उगाळण्यात काय अर्थ आहे. भूगोलाच्या बाईंच्या यजमानांची बदली झाली आहे, त्या जातायत. मंडळाची मुलाखत म्हणजे उपचार. बहुमत आपण जमवू. खुर्ची तुमचीच समजा."

मी पेढा उचलला. बायकोने उचलला नाही. "आणखी काय?"

"काही नाही. आपले चार नवे वर्ग मंजुरीसाठी मंत्रालयात अडकलेत. मुंबईला शिष्टमंडळ न्यायचंय. तुम्ही पुढे असलात की बरं. साडी जरा खादीची, आणि पदर," त्यांनी पुन्हा कपाळावर बट काढून दाखवली, "एवढा मागे. म्हणजे मंत्र्यांना आपोआप दिसेल."

ते गेल्यावर मी म्हटलं, "झालं तर मग. आपण जिंकलो."

"कोण आपण?" तिने विचारलं. "तेव्हा या केसांपायी नाही म्हणाले. आता या केसांपायीच हो म्हणतायत. माझं गणित दोन्ही वेळा कोणी तपासलंच नाही." आणि थोड्या वेळाने, "मेन रोडवर जाऊन कलप घेऊन या."

"काय?"

"कलप. काळा. चांगल्यातला."

मला तेव्हाच टक्कल पडलेलं होतं. दुकानदाराने आधी माझ्या डोक्याकडे बघितलं, मग सहानुभूतीने पुडी बांधून दिली. त्या संध्याकाळी मागच्या अंगणात स्टुलावर बसवून, चहाच्या गाळणीखालची बशी आणि माझा जुना दाढीचा ब्रश वापरून, मी पंतप्रधानांची बट काळी केली. संसारात माझ्या हातून झालेलं एवढं एकच राजकीय कृत्य.

मुलाखतीच्या दिवशी मी पुन्हा त्याच बाकावर होतो. ती आत गेली आणि पहिला आवाज चिटणिसांचा आला.

"बाई, हे काय केलंत?"

"काय केलं?"

"केस..."

"ते मुलाखतीच्या विषयपत्रिकेत आहे का?"

विदर्भाकडे बघणारी खुर्ची करकरली. तीन वर्षांत पहिल्यांदा अध्यक्ष वळले. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. त्यांना बहुधा ओळख पटायला वेळ लागत होता. ज्या चेहऱ्याशी त्यांचं भांडण होतं त्यातला अर्धा ऐवज कोणीतरी परस्पर हलवला होता.

"बाई," ते म्हणाले, "मी तुरुंगात असताना तुम्ही माझ्या नातीला अकरा गुण दिलेत."

"हो."

"बाकी सगळ्यांनी पास केलं."

"मला माहीत आहे."

"मी आत होतो. माझ्याबद्दल काही वाटलं नाही?"

"वाटलं. पण तुमच्याबद्दल पेपरात प्रश्न नव्हता."

बाहेर बाकावर मी डोळे मिटून घेतले. वेळापत्रक गेलं असं मी धरून चाललो.

"ती आता कॉलेजला आहे," अध्यक्ष म्हणाले. "गणित घेतलंय. मला न विचारता. उन्हाळाभर तुमच्याकडे यायची, हे मला सुटल्यावर दोन वर्षांनी सांगितलंन. तोवर मी उगाच... असो. तुम्हाला मुख्याध्यापिका कशाला व्हायचंय?"

तिने पिशवीतून घडी केलेलं वेळापत्रक काढलं आणि टेबलावर पसरलं. त्यानंतर चाळीस मिनिटं आतून फक्त तासांची बोलणी ऐकू येत होती. शिवण कुठे, खेळ कुठे, आणि अध्यक्षांचा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा, "मग संस्कृत?" मतं पडली तेव्हा चिटणीस आणि त्यांचे दोघे विरोधात गेले, कारण काळ्या केसांची मुख्याध्यापिका मंत्रालयात त्यांच्या उपयोगाची नव्हती. अध्यक्ष आणि त्यांच्याबरोबर तुरुंगात राहून आलेले तिघे बाजूने. चार विरुद्ध तीन. जूनपासून गणित पहिल्या तासाला गेलं. चार वर्गांची मंजुरी पुढे आपली आपण आली, कोणाचीही बट न दाखवता, फक्त दोन वर्षं उशिरा.

चौऱ्याऐंशीत दिवाळीच्या सुट्टीत ती बातमी आली. मी तारेच्या खिडकीवर होतो. दुपारनंतर तारा इतक्या आल्या की वाचायला वेळ मिळेना, आणि सगळ्या एकाच मजकुराच्या. गाव बंद झालं. जे लोक बाईंचं नाव घेताना थुंकायचे ते कट्ट्यावर गप्प बसून होते. जे त्यांना देवी म्हणायचे तेही गप्प होते. त्या गावात एका विषयावर दोन्हीकडचे एकदम गप्प बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले. घरी बायको रेडिओसमोर बसून होती. मी काही विचारलं नाही.

शाळा उघडली त्या दिवशी शोकसभा ठेवली होती. मी तिचा विसरलेला चष्मा द्यायला गेलो आणि अडकलो. अध्यक्ष आता फार थकले होते. ते उभे राहिले, दोन मिनिटं बोलले, त्यातलं एक मिनिट घसा साफ करण्यात गेलं. पण वाईट काही बोलले नाहीत आणि खोटंही बोलले नाहीत, हे दोन्ही एकाच वेळी जमवणं किती अवघड होतं ते त्यांच्या घामावरून कळत होतं.

सभा संपल्यावर आम्ही कार्यालयात बसलो होतो. तेवढ्यात एक बाई दारात आली. गुडघ्यापर्यंत लुगडं, डोक्यावर बोचकं, मागे दहाएक वर्षांची मुलगी. पेठ तालुक्यातून पहिल्या एस.टी.ने आली होती. तिने आत पाऊल टाकलं, बायकोकडे बघितलं, बोचकं खाली ठेवलं, टेबलाला वळसा घालून आली आणि बायकोचे दोन्ही हात धरून रडायला लागली. बायकोचे केस आता काळे होते, पण त्या बाईचं काही अडलं नाही.

इतकी वर्षं या चेहऱ्यावरून कोणी काही बोललं की बायको कोरडेपणाने बाजूला व्हायची. त्या दिवशी तिने हात सोडवून घेतले नाहीत.

"आमच्या पाड्याला बाईनं जमिनीचा कागद दिला," ती आलेली बाई डोळे पुसत म्हणाली.

"कागद तलाठ्याने दिला असेल," अध्यक्ष म्हणाले. वकिली सुटत नव्हती.

"तलाठी तर नायच म्हणत व्हता. बाई व्हती म्हून दिला."

अध्यक्ष म्हणाले, "मला तुझ्या बाईंनी दीड वर्ष तुरुंगात ठेवलं होतं."

तिने त्यांच्याकडे नीट बघितलं. म्हातारा माणूस, पांढरं धोतर. "काय केलं व्हतं, बाबा?"

"भाषण."

"एवढ्यासाठी?" तिला ते पटलं नाही. "आजून काय केलं आसंल."

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

मग तिने कामाचं काढलं. मुलीला वसतिगृहात ठेवून इथे शिकवायचं होतं. बायकोने हात सोडवले, चष्मा लावला, आणि तिचा आवाज क्षणात पहिल्या तासाचा झाला.

"शाळा सोडल्याचा दाखला?"

"हाय."

"जातीचा दाखला?"

"त्यो तहसीलात हाय. देत नाय."

"त्याशिवाय वसतिगृहात जागा देता येत नाही."

"घ्या हो करून," अध्यक्ष म्हणाले. त्यांचे डोळे ओले झाले होते, कशाने ते मला सांगता येणार नाही. "एवढ्या लांबून आली आहे. आजचा दिवस कसला आहे बघा."

"दिवस कसलाही असला तरी दाखला लागतो." तिने एक छापील अर्ज ओढला आणि भरायला घेतला. "मुलगी आजपासून वर्गात बसेल. रात्री माझ्याकडे राहील. आठ दिवसांत तहसीलदाराचा दाखला आणायचा. नाही म्हणाला तर मी पत्र देते, ते दाखवायचं. नवव्या दिवशी मी कुणाचं ऐकणार नाही." मग मुलीकडे वळून, "सातचा पाढा म्हण."

माझ्या घरात आठ दिवस एक पाहुणी येणार आहे हे मला अशा रीतीने कळलं. मुलगी सात सक बेचाळीसपर्यंत न अडखळता गेली. तिथे थांबली, आईकडे बघितलं, आणि पुढे गेली.

अध्यक्ष खुर्चीत मागे टेकले. "बाई, माझं चुकलंच. चेहऱ्याला घाबरून मी तीन वर्षं तुम्हाला थांबवलं. घाबरायला हवं होतं ते स्वभावाला."

"स्वभाव बघितला असता तर काय केलं असतं?"

"आणखी तीन वर्षं थांबवलं असतं."

बायकोने अर्ज त्यांच्यापुढे सरकवला. "मध्येच प्रवेश द्यायला अध्यक्षांची सही लागते. इथे. आणि खाली तारीख घाला, मागच्या वेळी विसरला होतात."

अध्यक्षांनी पेन काढलं.